नववा अडथळा

लुड्विका माझूरचा चेहरा
मी बारा वर्षांत धावताना एकदाही पाहिला नाही.
टाच विचारा, टाच सांगते.
डाव्या बुटाला मागे सात टाके,
गिरणीतलाच पांढरा दोरा, आमच्याच पाळीत लांबवलेला.

लॉड्झला तेव्हा धावपट्टी म्हणजे बॉयलरची खर,
चाळून, पाणी मारून, रूळ फिरवून बसवलेली.
खुरप्यानं पायापुरते खड्डे खणायचे
आणि बटाटे लावायला वाकल्यासारखं
बंदुकीची वाट बघत राहायचं.

ऐंशी मीटर. आठ अडथळे.
तीन पावलं आणि वर, तीन पावलं आणि वर.
माझी तीन पावलं म्हणजे हिशेब.
तिची म्हणजे बोलता बोलता उंबरा ओलांडणं.
आणि साध्या शंभर मीटरला तर ती
पट्टीच पायाखाली ओढून घ्यायची,
आभाळ भरून आल्यावर दोरीवरचे कपडे ओढावेत तशी.

रिलेत तिसरी मी, चौथी ती.
तेव्हा दिसायचा तळहात,
मागे उघडलेला, न बघता.
इतका विश्वास माझ्यावर कुणी टाकला नव्हता,
नवऱ्यानंही नाही.
मी दांडी ठेवायचे. मूठ मिटायची.
मग पुन्हा टाच.

पदकं आली. पदकांबद्दल तिला घर मिळालं,
चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेलं.
"सरावाला बरं," म्हणाली,
आणि कोळशाची बादली उचलून जिना चढू लागली.

एकोणसत्तर साली कुठल्याशा कचेरीत ठरलं:
बायकांना आता शंभर मीटर, दहा अडथळे,
आणि प्रत्येक चार बोटं उंच.
मला काय, मी मोजूनच धावणारी,
दहापर्यंत मोजलं.
तिच्या अंगाला मात्र आठच पाठ होते.
आठव्यानंतर तिचे खांदे सैलावले,
घरी पोचल्यासारखे,
आणि समोर नववा उभा.

लाकडाचा आवाज आधी शेजारून आला, मग मागून.
ती, माझ्या मागे.
हे दोन शब्द एकत्र ठेवायला मला अजून वेळ लागतो.
त्या दिवशी मी जिंकले.
फीत छातीला लागली तेव्हा मान वळलेली होती,
म्हणून पेपरातल्या फोटोत
माझा फक्त कान आहे.

परवा दवाखान्यात एका बाकावर भेटलो.
चेहरा? सुरकुतलेला, माझ्यासारखाच.
डाव्या भुवईत एक जुना व्रण आहे,
मला माहीतच नव्हता.
तिनं मोजा खाली सरकवला.
गुडघ्याच्या कातडीखाली निळसर खडे,
डॉक्टरांनी कधीच न काढलेली खर.
बोट ठेवत ती सांगू लागली,
"हा लॉड्झचा. हा पोझनानचा, पाऊस होता बघ.
आणि हा तुझा."

मी काही बोलणार, तोच नर्सनं नाव पुकारलं.
ती उठली, दाराकडे तोंड करून,
आणि हात मागे केला,
न बघता.

तिची काठी माझ्याजवळ होती.