काळा राता

रबाळ्याच्या एमआयडीसीत, बिस्किटांच्या कारखान्याला लागून,
भाजक्या मैद्याच्या वासात आम्ही पानं कुटतो.
करंगळीच्या नखाएवढा तुकडा,
द्रव नायट्रोजनची वाफ, खलबत्ता,
हिरवी पूड, मेंदीसारखी.

मग साबण. मग मीठ.
मग फ्रीजरमधलं अल्कोहोल, नळीच्या कडेकडेने,
आणि तेव्हाच तो वर येतो:
डॉक्टर काकडे त्याला धागा म्हणतात,
मी शेंबूड म्हणते, अकरा वर्षं म्हणते आहे.
मिठाशिवाय तो दिसत नाही.

बी आलं होतं रंगाच्या डब्यातून.
तळवलीचे लडक्या मढवी, रिक्षाने, मांडीवर डबा घेऊन.
डब्यावर 'ऑफ व्हाइट, चार लिटर',
आत काळपट भात, वीतभर वाटावं असं कुसळ.
"काला राता," म्हणाले. "खारीचा."
शेत?
हाताने दाखवलं, काचेपलीकडे, बत्तीस वर्षांपलीकडे,
जिथे आता सेक्टर आहे आणि सेक्टरला नंबर आहे.

बी एवढी वर्षं जगत नाही.
ते गच्चीवर टबात पेरत राहिले, एका आड एक वर्ष,
खाडीवरून कॅन भरून आणून.
गच्चीला क्षार लागतो म्हणून सोसायटीने नोटीसही दिली.
नळ होता की, मी म्हटलं.
"गोऱ्या पान्याव वारवला त इसरंल तो."

डॉक्टर हसल्या.
गुणसूत्रावरचा तुकडा पाण्याची चव बघून गळत नाही, हे मलाही ठाऊक होतं.

पुढे चार वर्षं:
पहाटे, फुलोरा उमलायच्या आत,
कात्रीने तूस छाटायचं, चिमट्याने सहा पुंकेसर काढायचे,
सहाच, मोजून, श्वास धरून,
वर कागदाची पिशवी, पिशवीवर तारीख.
आईकडे बुटकं, भरघोस, खाऱ्याला भिणारं वाण.
बापाकडे हा उंच, वाऱ्याला आडवा होणारा काळा.
बापाचं सगळं नको होतं, एवढासा तुकडा हवा होता.
लेक पुन्हा आईकडे, तिची लेक पुन्हा आईकडे.
तीनशे बारा रोपं, तीनशे बारा नळ्या,
आणि एका गुरुवारी, अतिनील उजेडात,
दोनशे सतराच्या खान्यात
रेघ नेमकी तिथे, जिथे काळ्या रात्याची.
मी घरी जाताना वडापाव घेतला. एवढाच सोहळा.

यंदा ऑगस्टच्या उधाणात उघाडीची फळी गेली.
खाडीकडेचा आमचा दोन गुंठ्यांचा तुकडा
सहा दिवस पाण्यात. मीटर मी मोजला, मग पुसून पुन्हा मोजला.
आईचं वाण कागदासारखं पांढरं पडलं.
दोनशे सतराने खालची पानं जळू दिली,
सगळं मीठ त्यांच्यात ढकललं, जुन्यांत,
आणि शेंड्याचं पान हिरवं ठेवलं.

त्या रात्री झोपेत नाही, भांडी घासताना कळलं:
त्यांच्या टबात शंभर रोपं, शंभर वेगवेगळी,
खारं पाणी दर खेपेला निवडत होतं,
जी टिकली त्यांचंच बी पुढे.
गोड्या पाण्यावर भित्रीही तगली असती,
पिढ्यापिढ्यांत त्यांचीच गर्दी झाली असती.
इसरंल, म्हणजे हेच.
सकाळी डॉक्टरांना सांगितलं.
त्या बराच वेळ नळीला बूच लावत राहिल्या.

कापणीला मढवींना बोलावलं.
ओंबी तळहातावर घेतली, दाणा दाताखाली फोडला, मान हलवली.
मग ओंबीचं टोक चाचपत राहिले.
"कुसल कुठं गेला?"
तो आईवर गेलाय, मी म्हटलं.
"मंग पाखरांची चंगल."
डॉक्टरांनी वही उघडली. कुसळ, असं लिहिलं, खाली दोन रेघा.

डबा त्यांनी परत मागितला, भरून दिला.
जिन्यात थांबले. थोडा तुमच्याकडं ठेवला ना?
ठेवलाय. उणे वीसला. पन्नास वर्षं टिकेल.
"न त्याला तिथं खारा पानी कोन देतं?"