तिसरा आवाज

"शुं देखाय छे?"
नियतीबेन विचारतात. मी मराठीत मोजते.
खिडकीचे गज. त्यांवर वाळणारं कुणाचं तरी पायपुसणं.
त्यांच्या चपलेचा उसवलेला अंगठा.
पुढचं सुचेना. घसा आवळत येतो.

"राहू द्या. हाताला काय लागतंय?"
खुर्चीचा वेत, एक काडी सुटलेली,
बोट तिथेच घुटमळतं.
खाली दांडिया बाजारात कुणी सेव-उसळीवर तर्री ओततंय.
हा वास मोजायचा का,
विचारायचं राहून जातं.

आवाज तीन हवेत.
शिलाई मशीन.
रिक्षावाल्याचं खाकरणं.
आणि...
छातीतली ही धडधड,
जिला भिऊन मी बँकेच्या रांगेतून
पासबुक तिथेच टाकून पळाले होते.

"ही चालेल?"
"चालशे," त्या म्हणतात.

चालतेय.