जवसाचं तेल

आधी चौकोन.
छापील पानावर एकेका सेंटिमीटरचे, कॅनव्हासवर चार-चार.
औंढेकर सर म्हणाले, चेहरा विसर,
रिंग रोडच्या कडेचं प्लॉटिंग समज,
कोणत्या प्लॉटात नाक किती सरकलंय तेवढं बघ.

मी तीस वर्षं पाट्या रंगवल्या.
'वरद कृषी सेवा केंद्र', 'येथे पंक्चर काढून मिळेल'.
सेलूच्या स्टेशन रोडवरचा प्रत्येक 'श्री' माझ्या हातचा होता,
फ्लेक्सचं मशीन येईपर्यंत.
एनॅमल चार तासांत वाळायचं.
हा रंग आठ-आठ दिवस ओला राहतो,
थांबायला शिकवतो, असं सर म्हणतात.
मला तो उधारीवाला वाटतो.
रोज बोट लावून विचारायचं, आज?
नाही, सोमवारी या.

समोर कुणीतरी म्हातारा आहे.
काळा डगला, गळ्याभोवती पांढरी, चुण्यांची झालर.
चारशे वर्षांपूर्वी कुठल्याशा थंड गावी बसला होता खिडकीशी.
सर म्हणतात, कापडाचा व्यापारी असावा.
डोळ्यांवरून मला आडत्या वाटतो.
रद्दीत सापडलेल्या पुस्तकाचं हे पान,
नाव फाटलेल्या भागात गेलं,
त्याचंही आणि काढणाऱ्याचंही.

तपकिरीचा पातळ हात.
त्यावर मेलेल्या माणसासारखा हिरवट राखाडी.
मग कुठे रक्त.
खालचा थर कोरडा, वरचा तेलकट,
उलटं केलं तर तडे जातात,
एप्रिलात काळ्या रानाला जातात तसे.

बाटली उघडली की खोलीभर जवस.
सत्यभामा दारातून म्हणते, चटणी कुटायलात का काय?
पांढऱ्यात सर करडईचं तेल घालतात,
ते म्हणे लवकर पिवळं पडत नाही.
म्हणजे तिकडच्या व्यापाऱ्याचा गाल
इकडच्या दोन पिकांवर उभा राहतोय.

गालावर एक तीळ होता.
मी तीन रविवार घातले त्यात,
एका कडेला उजेड, खाली सावली.
सरांनी चष्मा कपाळावर घेतला, पान नाकाशी नेलं.
"अरे, हा स्टेपलरचा गंज हाय बाबा!"
आणि इतके हसले की ठसका लागला,
पाणी द्यावं लागलं.
पुसू का, मी विचारलं.
"ऱ्हाऊ दे. उठून दिसायलाय."

कातडीचा रंग मात्र जमला.
पांढरा, यलो ऑकर, व्हर्मिलियनचं टोक.
जमला तेव्हा लक्षात आलं,
हा रंग आख्ख्या सेलूत कुणालाच नाही.
तरी आता बसस्टँडवर, पंगतीत, आठवडी बाजारात
मी माणसांच्या हनुवटीखालचा हिरवा शोधत थांबतो,
आणि लोकांना वाटतं,
पेंटर मागच्या पाटीचे पैसे मागायला आला.

काल रात्री लाइट गेली.
मेणबत्तीवर पॅलेट खरवडली,
उरलंसुरलं सुरीनं एकत्र केलं,
टाकायचं म्हणून पेपरावर पुसलं.
लाइट आली तेव्हा बाजारभावाच्या रकान्यावर,
सोयाबीन आणि तुरीच्या मधोमध
तो चिखल पडला होता.
सत्यभामाच्या मनगटाचा रंग,
भाकरी थापताना पीठ पोचत नाही तिथला.

तिला दाखवला नाही अजून.
पेपर खिळ्याला अडकवलाय, म्हाताऱ्याच्या शेजारी.
वाळायला आठ दिवस तरी.
तोवर झालरीच्या चुण्या मोजतोय.
सव्वीस झाल्या.
मानेमागे किती, ते पान सांगत नाही.