अपुरा पत्ता

हनोख झिराडकर चाळीस वर्षं रेल्वे मेलमध्ये होते,
पुणे स्टेशनच्या सॉर्टिंगला, रात्रपाळी.
आता रास्ता पेठेत, दुसऱ्या मजल्यावर,
मूळपुरुषांच्या वंशावळी वाचतात. वाचायची रीत तीच,
डोळे आधी शेवटच्या ओळीवर.

"ही माणसं नाहीत," पहिल्याच दिवशी म्हणाले,
"सरुग, नाहोर, तेरह.
हारानच्या आसपासची गावं आहेत.
मातीच्या विटांवर सापडलीत, अश्शूरी कारकुनांच्या हातची.
कुणीतरी पत्त्यालाच माणूस समजला
आणि बापाला बाप जोडत गेला."
मी वहीत उतरवलं. त्यांनी चहा बशीत ओतला.
"हसतेस काय? चार हजार वर्षांनी
आमचा कागद कुणाच्या हाती लागला तर तो म्हणेल,
झिराड बत्तीस वर्षांचा झाला तेव्हा त्याला पेण झाला.
पेण झाल्यावर झिराड आणखी दोनशे वर्षं जगला,
आणि त्याला मुलगे व मुली झाल्या."

'व मुली'पाशी ते थांबतात. दर पिढीला.
समासात पेन्सिलीचं एक टिंब.

बायकोला बहीण म्हणवून राजाघरी धाडल्याची गोष्ट
तीनदा येते.
पंडित म्हणतात, तीन वह्या होत्या, मागाहून एकत्र शिवल्या.
"असतील," काका म्हणतात.
"नवगावच्या खडकावर फुटलेलं आमचं गलबत
माझ्या तीन आत्यांनी तीन प्रकारे फोडलं.
एकीच्यात वादळ, एकीच्यात चाचे,
धाकटीच्यात नुसताच अंधार.
वाचलेल्या सात बायकांची नावं
तिघींनाही ठाऊक नव्हती."
त्या गलबताला मात्र ते पेन्सिल लावत नाहीत.

प्रार्थनेच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्याआत
आजोबांच्या मोडीत घरची यादी:
एलोजी, त्याचा साम्सन, साम्सनचा हनोख.
हनोखशेजारी ब्लेडनं खरवडलेली जागा.
कागद तिथे इतका पातळ
की उजेडाला धरला तर पलीकडची खिडकी दिसते.
"वडिलांचा हात," एवढंच बोलले होते.

गेल्या शनिवारी, दिवेलागणीच्या आधी,
मी आजीचं नाव सांगितलं.
सिम्हा. लग्नानंतर सुमन कदम.
सहा महिने जिभेवर धरून ठेवलेलं.

ते काही म्हणाले नाहीत.
हात पेन्सिलीकडे गेला आणि वाटेतच थांबला.
शनिवार. तीन तारे दिसेपर्यंत लिहायचं नसतं.

गॅलरीत उभे राहिलो.
केईएमच्या दिव्यांनी आभाळ धुवट झालेलं.
एक तारा दिसला.
दुसरा म्हणून धरला ते विमान निघालं, लोहगावला उतरणारं.

"कुठे राहिली?" त्यांनी वर बघतच विचारलं.
खडकीला. दारूगोळा फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये.

"पुणे तीन," ते म्हणाले.
मग थोड्या वेळानं, कठड्यावर बोटांनी
पत्रं टाकल्यासारखं करत,
"पुणे तीन.
रोज रात्री माझ्याच हातून जायचं."