फुंकर

वर्तकनगर. बिल्डिंगखालचं पार्किंग.
पुढच्या चाकांना विटा, मागे जॅक.
व्हीलकॅपच्या बशीत चार नट.
मोजले. पुन्हा मोजले.

ड्रम काही निघेना.
त्र्याहत्तरची फियाट, घाई केली की अडून बसते.
धुण्याच्या धोपटण्याने कडेकडेने,
थोडं इकडून, थोडं तिकडून,
मग अचानक सुटून मांडीवरच आला.
आत भुकटी. काळी, पिठाहून मऊ.

तिसऱ्या मजल्यावरचा निनाद वाकला,
गाल फुगवले...
"फुंकर नको!"
वॉचमनने पेपरातून डोकं वर काढलं.
एवढं ओरडायला नको होतं.

ओल्या फडक्याने टिपून घेतलं सगळं,
फडकं पिशवीत, पिशवीला गाठ.

वागळे इस्टेटला सव्वीस वर्षं
मी शूजना अस्तरं चिकटवली.
शेजारच्या बाकावर लोटलीकर.
प्रत्येक नग हातात घेऊन फुंकायचा,
पोराच्या खरचटल्या गुडघ्यावर घालतात
तशी, हलकीच.
नातीच्या पाचव्या वाढदिवसाला
एक मेणबत्ती त्याच्याकडे धरली तिने.
ती विझेना.
मग तिनेच विझवली, आणि आम्ही सगळ्यांनी
जरा जास्तच टाळ्या वाजवल्या.

नवे शूज राबोडीहून, मुनाफकडून आणलेत.
खोक्यावरचं बारीक अक्षर
चष्मा लावून वाचलं, मगच पैसे दिले.

स्प्रिंग पकडीतून निसटली, टणकन,
सापडली कुणाच्या तरी स्कूटरखाली.
"काका, ही वर की खाली?"
उजवीकडे जाऊन बघ. ती अजून खोललेली नाही.
एका वेळी एकच बाजू सोडायची असते,
विसरलं तर विचारायला दुसरी हवी.
फक्त उलटं दिसेल, आरशातल्यासारखं.

मग ॲडजस्टर. चाक अडेपर्यंत आवळायचा,
आणि तिथून जरासा मागे.
कान लावला तर आतून
सळसळ यायला हवी, अगदी पुसट.
तेवढी राहू द्यायची.

उजवी बाजू होईतो चार वाजले.
येऊरच्या उतारावर तीनदा पेडल दाबलं,
तिन्ही वेळा सरळ थांबली, म्हातारी.
"दोन्ही सारखे तापलेत का, बघ.
लांबून, हात न लावता."
पण त्याने रिमच्या भोकातून बोट घातलंच.

हिसका देऊन मागे घेतलेलं ते बोट
मी दोन्ही हातांत धरलं
आणि होती नव्हती तेवढी हवा...

डोळ्यांत पाणी, तरी बेटा विचारतो,
"आता चालते?"