साडेपाच

"शून्य ते दहा. आज किती?"
पेडामकर पायांकडे बघतात.
"चप्पल वाटेत कुठे निसटली, कळलंच नाही, बाई.
आणि रात्री नुसती चादर टेकली
तरी तळव्यांवर कुणी मिरची वाटतं."
मी आठ लिहिते.

डबीत हृदयाचे ठोके सावरणारं जुनं औषध,
किंवा नुसतं पीठ.
कुठलं, ते मलाही ठाऊक नाही.
"अफूचं नाही ना? दादरला घड्याळं उघडतो मी,
बोटांनी डुलकी घेऊन चालत नाही."
नाही. तेवढं ठाऊक आहे.
"म्हणजे घड्याळाचं तेल
शिलाई मशीनला घालून बघताय."

सहावा आठवडा. परळ, दुसरा मजला.
"साडेपाच," ते म्हणतात, तोलून.
फॉर्मवर अर्ध्याला चौकट नाही.
मी समासात लिहिते.