उजवा पाय

माझी अट एकच होती:
गाडी रुळांवरची हवी, आणि वाटेत निदान एक रात्र.
बाकी बर्फ कुठला, किती फूट, कोणत्या डोंगरावरचा,
ते इल्हामीनं ठरवावं.

एकतीस वर्षं त्यानं अंकारा–सामसून बस हाकली.
घरी जेवायला बसला तरी
टेबलाखाली त्याचा उजवा पाय हळूच दाबला जायचा,
मी मिठाची बाटली जरा जोरात सरकवली की.

नोव्हेंबरातला रविवार. चहाचे दोन ग्लास, नकाशा,
आणि नकाशाच्या कोपऱ्यावर वजन म्हणून
माझ्या दुकानातला बटणांचा डबा.

कोन्या, तो म्हणाला. वेगवान गाडी आहे.
म्हटलं, दोन तासांत कसली सहल?
बुटाची नाडी सैल करेपर्यंत उतरायची वेळ.
अंताल्या, तो म्हणाला. ऊन असतं.
म्हटलं, तिकडे रूळच जात नाहीत, आणि तुला ते ठाऊक आहे.
हसला. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस:
त्याला बसनं जायचं होतं,
पहिल्या सीटवर बसून दुसऱ्याच्या चुका मोजत.

मग एकेक बटण ठेवत पूर्वेकडे सरकलो.
एर्झुरुमवर निळं. तिथे लोक उतारावरून घसरायला जातात;
आमच्या चार गुडघ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.
दिव्रिईवर शिंपल्याचं, कडेला फुटलेलं:
तिथे म्हणे दगडात फुलं कोरलेलं एक दार आहे,
पण गाडी पोचते पहाटे, ऐन थंडीत.
कार्सवर पितळी. शेवटचं स्टेशन.
त्याच्याही पलीकडे गोठलेलं चिल्दिर तळं,
तळ्यावर घोड्यांच्या गाड्या,
भोक पाडून मासे ओढणारे कोळी.
"बर्फ फुटला तर?"
"घोड्याला विचार."

तर कार्स.
भाचा तायलान संगणकापुढे बसेपर्यंत
झोपायच्या डब्यातली तिकिटं संपलीसुद्धा.
इस्तंबूलची पोरं घेतात, म्हणाला,
खिडकीला दिव्यांच्या माळा लावून फोटो काढतात.
उरल्या होत्या दोन खुर्च्या.
मी तोंड उघडायच्या आत इल्हामी म्हणाला, घे.
खुर्चीत रात्र काढायची मला सवय आहे.

जानेवारीत निघालो.
कायसेरी येईपर्यंत त्यानं तीनदा विचारलं, चालवतंय कोण?
तपासनीस म्हणाला, दोघं आहेत, पुढे बदलतील.
"झोपलेत का नीट ते?"
तपासनिसानं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे.
आणि प्रत्येक वळणावर तो पाय.
खाली माझी पिशवी होती, पिशवीत उकडलेली सहा अंडी.
सगळे ब्रेक त्यांच्यावर लागले.

सिवासनंतर कधीतरी बर्फ सुरू झाला.
दिसला नाही, काचेत आमचेच चेहरे होते.
आवाजावरून कळलं:
चाकांनी जणू लोकरीचे मोजे चढवले.
चुरलेली अंडी मी अंधारातच खाल्ली, टरफलं निवडत.

दिव्रिई आलं. फलाटावर एकच दिवा,
दिव्याखाली टोपीवर बर्फ साचलेला एक माणूस
कुणाला तरी घ्यायला आलेला, की उगाच उभा.
ते दार काही स्टेशनातून दिसत नाही.
इल्हामीला उठवणार होते.

त्याचा बूट निघाला होता.
उजवा पाय माझ्या मांडीवर येऊन पडला होता,
सैल, जड, मोज्याला अंगठ्यापाशी भोक,
शेजाऱ्यांचं मांजर न विचारता येऊन झोपावं तसा.
खाली नदी वळत होती, गाडी तिच्यामागे वळत होती,
डब्यातलं सामान एका बाजूला कलंडत होतं,
आणि पाय काही दाबत नव्हता.

कोटाच्या खिशात ते पितळी बटण होतं.
दुपारपर्यंत मी ते बोटांत फिरवत राहिले.
कार्सला अजून पुष्कळ वेळ.

एर्झिंजानच्या पुढे त्यानं एक डोळा उघडला.
"पोचलो?"
"नाही."
"बरं," म्हणाला,
आणि पाय तिथेच ठेवला.